नीटच द्यावी की इम्युनॉलॉजीकडे वळावे?

आदरणीय ताई,

स. न. वि. वि.

गुहागर तालुक्यातून आपण लिहिलेले पत्र मिळाले. आपण आशा सेविका आहात, आपली कन्या बारावीत असून तिने जीवशास्त्राबरोबर गणितही ठेवले आहे, आणि महाविद्यालयातील प्रकल्पासाठी आतड्यातील प्रतिकारपेशींविषयी वाचल्यापासून ती ‘नीटऐवजी हेच शिकायचे’, म्हणजे इम्युनॉलॉजी (प्रतिकारशक्तीचे शास्त्र) शिकायचे, असे म्हणू लागली आहे. या शिक्षणाला पुढे काही भवितव्य आहे का, की मुलगी एवढे शिकून घरी बसेल, अशी चिंता आपण व्यक्त केली आहे. पत्राच्या शेवटी तिने स्वतःच्या हाताने एक प्रश्न लिहिला आहे: प्रतिकारपेशी जंतू मारतात, तर मग आतड्यातल्या कोट्यवधी जिवाणूंना त्या का सोडतात? आधी तिच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी त्यावरच अवलंबून आहे.

आतड्याचे अस्तर पेशींच्या अवघ्या एका थराचे असते. त्याच्या एका अंगाला अन्न आणि असंख्य जिवाणू, तर दुसऱ्या अंगाला रक्तवाहिन्या असतात. अन्नरस आत शोषून घ्यायचा असल्यामुळे हा थर त्वचेसारखा जाड असून चालत नाही. म्हणून तो दर तीन ते पाच दिवसांनी जवळजवळ पूर्ण नवा होतो आणि शरीरातील प्रतिकारपेशींचा मोठा साठा त्याच्या लगत वस्तीला असतो. या पेशींचे काम केवळ मारण्याचे नाही, ही गोष्ट शालेय पुस्तकांत फारशी येत नाही. तेथील प्लाझ्मा पेशी आयजीए नावाची प्रतिपिंडे तयार करतात. ती अस्तरातून पलीकडच्या चिकट स्रावात पोहोचतात, जिवाणूंना चिकटतात आणि दाह न होऊ देता त्यांना अस्तरापासून दूर ठेवतात. जन्मजात लसिकापेशींचा (प्रतिकारपेशींच्याच एका प्रकाराचा) एक गट इंटरल्यूकिन-२२ हे रसायन सोडतो. त्यामुळे अस्तराच्या पेशी स्वतःच जिवाणूरोधक प्रथिने बनवू लागतात आणि इजा झाली असल्यास ती लवकर भरून येते. कोकणात गडग्याची राखण करणारा माणूसच पावसाळ्यानंतर त्याचे ढासळलेले दगड पुन्हा रचतो, तसाच हा प्रकार आहे.

तिच्या प्रश्नाच्या उत्तराचा उरलेला भाग नियामक टी-पेशींमध्ये आहे. अन्नावर आणि निरुपद्रवी जिवाणूंवर इतर प्रतिकारपेशींनी तुटून पडू नये म्हणून या पेशी त्यांना आवर घालतात. या पेशींची ओळख पटवणाऱ्या संशोधनासाठी शिमोन साकागुची, मेरी ब्रंकाऊ आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा समतोल ढळला की अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्ससारखे आतड्याचे दीर्घकाळ चालणारे विकार उद्भवतात. सीलिअॅक रोगात तर गव्हातील ग्लुटेनवरच टी-पेशींचा रोख जातो आणि लहान आतड्याच्या आतले बोटांसारखे उंचवटे सपाट होतात. जाहिरातींत ज्या चूर्णांना ‘इम्युनिटी वाढवणारे’ म्हटले जाते, त्यांच्या विक्रेत्यांना हा आवर घालणारा अर्धा भाग ठाऊक तरी असतो का, अशी मला अनेकदा शंका येते.

ताई, या विषयाचे एक टोक आपल्याच हातात आहे. बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांनी दिली जाणारी रोटाव्हायरसची लस तोंडावाटे देतात, कारण प्रतिकारशक्ती जिथे हवी आहे त्या आतड्यातच ती जागी करायची असते. भारतात विकसित झालेली रोटाव्हॅक ही लस २०१६ मध्ये राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात आली. तिच्या मोठ्या चाचणीत पहिल्या वर्षातील तीव्र रोटाव्हायरस जुलाबांपासून सुमारे ५६ टक्के संरक्षण आढळले होते. श्रीमंत देशांत रोटाव्हायरसच्या लसींचे संरक्षण याहून बरेच अधिक दिसते. हा फरक का पडतो, वारंवार होणाऱ्या संसर्गांनी आणि कुपोषणाने बाळांच्या आतड्याचे अस्तर आधीच बिघडलेले असते का, यावर आजही काम चालू आहे. आपल्या मुलीच्या पिढीला करण्यासारखे काम शिल्लक आहे, असे मी म्हणतो ते यासाठी.

आता निवडीविषयी. तिला रुग्ण तपासण्याची ओढ असेल, तर तिने नीटच द्यावी. डॉक्टर होऊनही संशोधनाचे दार बंद होत नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रोटाव्हायरसवर दीर्घकाळ काम केलेल्या डॉ. गगनदीप कांग यांचे मूळ शिक्षण वैद्यकाचेच आहे. मात्र नीटमध्ये गुण कमी पडले म्हणून संशोधनाकडे वळणे मला मान्य नाही. या कामात एकच प्रयोग पुन्हा पुन्हा करावा लागतो, निष्कर्ष संख्याशास्त्राच्या कसोटीवर घासावे लागतात आणि महिनोन्‌महिने हाती काही लागत नाही. मन दुसरीकडे अडकलेले असेल तर माणूस यात टिकत नाही. तिचा प्रश्न वाचून ती टिकेल असे मला वाटते, परंतु एका प्रश्नावरून खात्री देणे योग्य होणार नाही. महाविद्यालयात आतड्याच्या छेदाची काचपट्टी असेल, तर ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तिने स्वतः आकृती काढावी. त्यात तिचा तास कसा जातो, ते आपण पाहावे.

तिने गणित सोडलेले नाही, याचा तिला मोठा उपयोग होईल. आयसरच्या (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेच्या) पाच वर्षांच्या बीएस-एमएस अभ्यासक्रमासाठी घेतल्या जाणाऱ्या प्रवेश परीक्षेत भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्र यांचे प्रत्येकी १५ प्रश्न असतात. आयसर पुण्यातही आहे. तिथे प्रवेश मिळाला नाही, तर रत्नागिरीत बी.एस्सी. करून पुढे एम.एस्सी.ला बाहेर पडणे हीदेखील चांगली वाट आहे. तिला कमी लेखू नये. त्यानंतर नेट-जेआरएफ (राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) मिळवून पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र किंवा दिल्लीची राष्ट्रीय प्रतिरक्षा विज्ञान संस्था अशा ठिकाणी पीएच.डी. करता येते. जेआरएफची शिष्यवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे, त्यामुळे त्या काळात घरून पैसे पाठवावे लागू नयेत. बारावीपासून पीएच.डी.पर्यंत दहा-अकरा वर्षे जातात, हे मात्र आपण आजच धरून चालावे. मध्येच थांबावे लागले, तरी एम.एस्सी. झालेल्यांना लसनिर्मिती कंपन्यांत, गुणवत्ता तपासणीत आणि रोगनिदान प्रयोगशाळांत नोकऱ्या मिळतात. सुरुवातीचा पगार बेताचा असतो.

घरापासून लांब पाठवण्याची आपली तयारी नसेल, तर रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. माशांच्या आतड्यातही अस्तराचे रक्षण करणारी आयजीटी नावाची वेगळी प्रतिपिंडे असतात, आणि कोळंबीत तर प्रतिपिंडेच नसतात. त्यामुळे मत्स्यशेतीतील रोगनियंत्रण हा याच विषयाचा किनाऱ्यावरचा शेजारी आहे.

या वर्षी तिने नीट आणि आयसर अशा दोन्ही परीक्षांचे अर्ज भरावेत. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र दोन्हींना सामाईक असल्याने वेगळा वेळ फक्त गणितालाच द्यावा लागेल. एक वर्ष मोडून पुन्हा नीट द्यायची का, हे दोन्ही निकाल हाती आल्यावर ठरवावे आणि त्या वेळी तिला सोबत घेऊनच पत्र लिहावे.

आपला,
करिअर मार्गदर्शक