पास्ता कोणासाठी थांबत नाही

चि. मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. इटलीतल्या बोलोन्या शहरात एका कुटुंबात दहा महिने राहायचे आहे, तेव्हा काटा कोणत्या हातात धरायचा आणि सगळ्यांदेखत चूक झाली तर काय करायचे, असे तू विचारले आहेस. काटा डाव्या हातात आणि सुरी उजव्या हातात, हे दोन दिवसांत अंगवळणी पडते. पास्ता खाताना तर सुरी लागतच नाही आणि काटा आपोआप उजव्या हातात येतो. शिष्टाचाराला इटालियन भाषेत ‘गालातेओ’ म्हणतात. १५५८ साली छापल्या गेलेल्या, जोव्हान्नी देल्ला कासा यांच्या त्याच नावाच्या पुस्तकावरून हा शब्द रूढ झाला, पण तू जाणार आहेस त्या घरात ते पुस्तक उघडून कोणी तुझी परीक्षा घेणार नाही. तिथे तुझ्याकडून पहिली अपेक्षा असेल ती वेळेची, आणि ते मी स्वतःच्या फजितीवरूनच सांगते.

मी बोलोन्यात राहायला गेले, त्याच्या तिसऱ्याच दिवशी दुपारी स्वयंपाकघरातून ‘आ तावोला!’ अशी हाक आली. ‘पाने घेतली आहेत, चला’ असा तिचा अर्थ मला ठाऊक होता. परंतु आपल्याकडे अशा हाकेनंतर पाणी भरणे, कोणाला तरी पुन्हा बोलावणे, चटणी-लोणचे काढणे यांत दहा मिनिटे सहज जातात, या हिशेबाने मी हातातले पत्र पुरे करूनच खाली उतरले. टेबलाभोवती पाच जण बसले होते, प्रत्येकासमोर तोर्तेल्लोनी, म्हणजे सारण भरलेल्या पास्त्याच्या पुड्या, वाढलेल्या होत्या आणि एकानेही काटा उचललेला नव्हता. वाफ केव्हाच विरली होती, वर घातलेले लोणी थिजून पांढरट दिसू लागले होते. कोणी एक अक्षर बोलले नाही. आजींनी फक्त ‘बुओन आपेतीतो’, म्हणजे आपल्या ‘सावकाश होऊ द्या’सारखे, म्हटले, तेही माझ्याकडे न पाहता. पास्ता उकळत्या पाण्यातून काढला की त्याचे आयुष्य काही मिनिटांचेच असते, त्यामुळे तिथे पास्ता माणसांची वाट पाहत नाही, माणसांनी पास्त्याची वाट पाहायची असते, हे मला त्या दिवशी कळले. तू हाक येण्यापूर्वीच हात धुऊन तयार राहा, आणि सगळे बसेपर्यंत व कोणीतरी ‘बुओन आपेतीतो’ म्हणेपर्यंत घास घेऊ नकोस. त्यावर ‘ग्रात्सिए, आल्त्रेत्तान्तो’, म्हणजे ‘आभारी आहे, तुम्हालाही’, एवढे उत्तर पुरे.

आपल्याकडे वाढणारी बाई बहुधा मागून जेवते. तिथे जिने रांधले तीही सर्वांबरोबर बसते. त्यामुळे टेबल मांडायला आणि जेवणानंतर आवरायला हात लावणे हा तुझ्या वागणुकीचा भाग समजला जाईल. पहिले दोन दिवस ‘तू पाहुणी आहेस, बस’ असे म्हणतील. तरी ऊठ.

आता तुझ्या शाकाहाराविषयी, कारण खरी अडचण तिथे आहे आणि तू ती पत्रात एका ओळीत उरकली आहेस. बोलोन्या हे मांसाहारी खाण्याचे शहर आहे. तिथल्या तोर्तेल्लीनींच्या सारणाची कृती शहराच्या वाणिज्य मंडळाकडे १९७४ मध्ये रीतसर नोंदवलेली आहे आणि तीत डुकराचे मांस तीन रूपांत येते. शिवाय या तोर्तेल्लीनी मांसाच्या रश्श्यात, म्हणजे ब्रोदोमध्ये, वाढतात. त्यांच्याच मोठ्या बहिणी असलेल्या तोर्तेल्लोनी मात्र रिकोत्ता चीज भरलेल्या असतात, म्हणून त्या नावातल्या एका अक्षराकडे नीट लक्ष ठेव. भाज्यांचे सूप किंवा रिसोत्तो, म्हणजे तिथला मऊ भात, दिसायला निर्धोक, पण त्यात मांसाचा ब्रोदो असू शकतो. क्रेशेन्तीना नावाच्या तळलेल्या पावाच्या पिठात आणि कढईत अनेकदा डुकराची चरबी असते. तू अंडे खात नसशील, तर बोलोन्यातला घरी लाटलेला पास्ता पीठ आणि अंडे एवढ्यावरच होतो, आणि पाकिटातला रव्याचा सुका पास्ता तुला चालेल, हे सांगावे लागेल. पार्मिजानो रेज्जानो हे चीज वासराच्या जठरातल्या विरजणाने बनते. ते खायचे की नाही, हे घरी आईवडिलांशी बोलून आताच ठरव. मी खात असे, माझी मैत्रीण खात नसे, आणि दोघींचेही भागले.

हे सारे त्या कुटुंबाला तू निघण्यापूर्वी पत्राने कळव. नकार आधी सांगितला तर ती तुझी माहिती असते. वाढलेल्या ताटावर सांगितला तर तो रांधणाऱ्या बाईचा अपमान होतो. नुसते ‘मी शाकाहारी’ असे लिहून भागत नाही, कारण मासा किंवा सूपात उकळलेले हाड हे काही जणांच्या हिशेबी मांसात धरले जात नाही. ‘नोन मांजो ने कार्ने ने पेशे, नेआंके इल ब्रोदो दि कार्ने’, म्हणजे मांस नाही, मासा नाही आणि मांसाचा रस्साही नाही, असे स्पष्ट लिही. आणि त्यापुढे काय काय आवडीने खातेस, याची नकारांपेक्षा लांब यादी दे: कडधान्ये, वांगी, बटाटे, पालक, टोमॅटो. ज्या बाईला दहा महिने तुझ्यासाठी विचार करायचा आहे, तिच्या हातात काहीतरी असायला हवे.

जेवण टप्प्याटप्प्याने येते. आधी ‘प्रीमो’, म्हणजे पास्ता किंवा भात, मग ‘सेकोन्दो’, मांस किंवा मासा, ज्याच्या जागी तुला अंडे, चीज किंवा कडधान्य मिळेल, सोबत भाजी, शेवटी फळ. आपल्यासारखे सगळे एका ताटात नसते, म्हणून पास्ता हेच जेवण समजून तो तीनदा घेऊ नकोस. आग्रहाच्या बाबतीत तिथल्या आजी आपल्या आज्यांना हार जाणार नाहीत. पण आपल्याकडे पहिल्या ‘नको’ला अर्थ नसतो, तशी सवय तिथे नेऊ नकोस. भूक असेल तर पहिल्यांदाच घे, नसेल तर ‘बास्ता कोसी, ग्रात्सिए’, म्हणजे ‘एवढे पुरे, आभारी आहे’, असे म्हण आणि त्यावर ठाम राहा.

लहानसहान गोष्टी भराभर सांगते. डावा हात मांडीवर ठेवून जेवायची आपली सवय मोड; दोन्ही मनगटे टेबलाच्या कडेवर दिसू देत, कोपरे मात्र नकोत. स्पॅगेटी सुरीने तोडू नकोस, आणि आमटीसारखी भुरकू नकोस. पाव हाताने मोडून बशीशेजारी टेबलक्लॉथवर ठेवतात, त्याला वेगळी बशी नसते. तो उलटा ठेवणे अशुभ मानतात. बशीतला सॉस पावाने पुसून खाण्याला ‘स्कार्पेत्ता’ म्हणतात; घरात ते चालते, आणि रांधणारी बाई सुखावतेही, पण बाहेरच्या मंडळींसमोर आधी यजमानीण काय करते ते पाहा. लोणच्याची बाटली खुशाल ने, पण ती खोलीत राहू दे. चव न घेताच पास्त्यावर लोणचे घातलेले पाहून काय वाटेल, हे आपल्या आजीच्या पुरणपोळीवर कोणी सॉस ओतल्याची कल्पना करून ठरव. वाईन नको असेल तर नको म्हण, कोणी कारण विचारत नाही.

उष्ट्याचा विचार तुला पहिल्यांदा फळाच्या वेळी छळेल. मी राहत असे त्या घरातले आजोबा जेवण संपले की एक पीच घेत, त्याची साल सुरीने एका अखंड फितीत उतरवत आणि फोडी करून, सुरीच्या टोकावर टोचून, एकेकाला देत. सुरी तीच, अधूनमधून एखादी फोड ते स्वतःही खात. पहिल्या दिवशी मी थबकले. फोड हवेत तशीच राहिली, सालीचा रस त्यांच्या अंगठ्यावरून मनगटाकडे ओघळला, आणि मी ती घेतली. रोजची माझी खुर्ची त्यांच्या उजव्या हाताला कधी झाली, ते मला आठवत नाही. तुला अशी फोड घेववली नाही तर हसून सांग, कोणी रागावणार नाही. फळ संपेपर्यंत मात्र टेबलावरून उठू नकोस आणि फोन आत ठेवून ये. तिथल्या निम्म्या गप्पा त्या सालींवरच होतात.

त्या कुटुंबाला लिहायचे पत्र या रविवारपर्यंत तयार कर आणि आधी मला पाठव. इटालियन वाक्ये मी तपासून देईन, उच्चार फोनवर करून घेऊ. यादीत वांगी लिहायला विसरू नकोस.

तुझी,
जुनी शिक्षिका