पचते, शोषली जाते की पिकते?

नागपुरातल्या धंतोलीच्या एका वाचकांचा प्रश्न आहे: रेशी मशरूमच्या डब्यावर ‘सहज पचून रक्तात शोषली जाणारी पॉलिसॅकराइड्स’ असं छापलंय, तर ‘पचणे’ आणि ‘शोषणे’ यांत फरक काय?

फरक शाळेतच शिकवतात, तो सोडतो. पण बर्डीपासून रामदासपेठेपर्यंत जो तो पावडरवाला हेच वाक्य घोकतो, आणि त्यातली दोन्ही क्रियापदं चूक. डब्यावरची पॉलिसॅकराइड्स म्हणजे मुख्यतः रेशीतलं बीटा-ग्लुकान, साखरेच्या रेणूंची लांब साखळी; तिचे दुवे बीटा १,३ आणि १,६ प्रकारचे. भाकरीतला स्टार्च तोडणारं आपलं विकर (एन्झाइम) अमायलेज अल्फा दुव्यांपलीकडे जात नाही. म्हणजे पचन नाही. एवढा थोरला रेणू अख्खा रक्तात उतरत नाही, म्हणजे शोषणही नाही. थोडे कण आतड्यातल्या प्रतिकारपेशींच्या हाती लागतात, त्यांच्यावरचा डेक्टिन-१ नावाचा ग्राही ते ओळखतो. पण ओळखणं म्हणजे पचवणं नव्हे.

आता खरी गंमत. ‘पच्’ या संस्कृत धातूचा मूळ अर्थ शिजवणे. ग्रीकमधला त्याचा भाऊबंद म्हणजे ‘पेप्सीन’मधला ‘पेप्स’, लॅटिन शाखेतून इंग्रजीत आलेला ‘कुक’. (पेप्सीन फक्त प्रथिनं तोडतं, इथे त्याचा काडीचा उपयोग नाही.) ‘पच्’पासून ‘पक्व’, आणि त्याचं प्राकृत ‘पिक्क’ होऊन आपलं ‘पिकणे’. पाठ्यपुस्तकवाले बजावतात की पचन म्हणजे विकरांनी केलेलं विघटन, बाकी सगळं अशास्त्रीय. असेल! पण धातूला विकर माहीत नव्हते. त्याला ऊब आणि वेळ माहीत होती. शिजवण्याचा पहिला हप्ता तर पातेल्यातच फिटतो: लाकडासारखी रेशी उकळल्याशिवाय तिचे ग्लुकान पेशींभोवतीच्या कायटिनच्या चिवट भिंतीतून नीट सुटत नाहीत. पावसाळ्यात सात्यांची भाजी करणाऱ्या आपल्याकडच्या बायकांना कच्ची अळंबी वाढायचं सुचतं का? उरलेलं काम मोठ्या आतड्यात. तिथले जिवाणू या साखळ्या अढीतल्या आंब्यासारख्या पिकवतात. परिभाषेत त्याला किण्वन म्हणतात, रूक्ष शब्द. मी ‘पिकणे’ म्हणेन, आणि ते ‘पच्’च्याच घरातलं आहे, कोशकारांनी नाक मुरडलं तरी.

त्या पिकण्यातून अॅसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट ही छोटी मेदाम्लं निघतात. शोषली जातात ती ही. ब्युटिरेट तर बरंचसं आतड्याच्या अस्तरातल्या पेशीच वापरून टाकतात.

हां, डब्याचं राहिलंच. त्यावर ‘आतड्यात आंबणारी’ असं छापा म्हणावं. खप पडेल, पण मराठी सुधारेल.