सिलिंडर गॅरेजमध्ये ठेवून स्वयंपाकघरात गॅसची लाईन नेता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: गुहागरजवळ चिऱ्याचे, म्हणजे जांभ्या दगडाचे, जुने कौलारू घर आहे, त्याला लागून नवे गॅरेज बांधले आहे, आणि स्वयंपाकघरातील गर्दी कमी करण्यासाठी दोन्ही सिलिंडर गॅरेजमध्ये ठेवून तेथून शेगडीपर्यंत व न्हाणीघरातील गिझरपर्यंत पाइप न्यायचा आहे. पाइप जीआयचा (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) घ्यावा की तांब्याचा, आणि गावातला प्लंबर हे काम करू शकेल का, असे तुम्ही विचारले आहे. मी याच किनाऱ्यावर घरबांधणीची कामे घेतो. गॅसची लाईन नेहमी जाणकार फिटरकडून करवून घेतो, पण चाचणीच्या वेळी स्वतः हजर असतो. लाईन अवश्य नेता येईल. मात्र सिलिंडर गॅरेजमध्ये ठेवू नयेत. पाइपच्या धातूपेक्षा हा निर्णय महत्त्वाचा असल्यामुळे त्यापासूनच सुरुवात करतो.

सिलिंडरमधला एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण असून ते हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असते. गळती झाली की हा वायू वर जाऊन खिडकीतून निघून जात नाही, तर जमिनीलगत पसरतो आणि जिथे खोलगट जागा मिळेल तिथे साठतो. हवेत त्याचे प्रमाण साधारण दोन टक्क्यांवर गेले की ठिणगी मिळताच तो पेट घेऊ शकतो. गॅरेजमध्ये ठिणग्यांना तोटा नसतो: गाडीचा स्टार्टर, इन्व्हर्टर, पाण्याच्या पंपाचा स्टार्टर, ड्रिल मशीन. शटर खाली ओढले की जमिनीलगतची हवा खेळण्याचा मार्गही जवळजवळ बंद होतो. गॅरेज अंगणापेक्षा एक-दोन पायऱ्या खाली असेल, आणि उतारावरच्या आपल्या बहुतेक घरांत ते तसेच असते, तर ती जागा सिलिंडरसाठी मुळीच योग्य नाही.

त्याऐवजी स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीला लागून, मागीलदारी, सिमेंटचा उंच ओटा करून त्यावर सिलिंडर उभे ठेवावेत. पावसासाठी वर पत्रा किंवा छोटी लादी आणि पुढे जाळीचे दार पुरेसे होते. बंद पेटी करायचीच असेल तर तिला अगदी तळाशी आणि वरच्या बाजूला झरोके ठेवावेत. तळाचा झरोका बुजवला तर पेटी नसलेली बरी. ओट्याजवळ मोरीचे तोंड, सेप्टिक टाकीचे झाकण किंवा गटार नसावे. विहीर शक्य तितकी दूर असावी, कारण जड वायू तिच्यात उतरला तर तो लवकर बाहेर येत नाही आणि नंतर पंप बघायला कोणी खाली उतरले तर त्याच्या जिवावर बेतते. आणखी एक गोष्ट कोकणात विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे: सिलिंडरची खालची कडी ओल्या जमिनीवर गंजते, म्हणून ओट्यावर लाकडी पट्ट्या टाकून तो जरा उचललेला ठेवावा.

आता पाइपविषयी. मुंबई-पुण्याकडे जीआय निःशंकपणे वापरला जातो आणि तो वाईट नाही. पण समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या घरांत मी तांबे पसंत करतो. जीआय पाइपवर जस्ताचा थर असतो, परंतु आटे पाडताना नेमका जोडापाशीच तो थर निघून जातो आणि खाऱ्या हवेत गंज तिथूनच सुरू होतो. तुमच्याकडे जीआय टाकलाच तर प्रत्येक आट्यावर रंगाचा हात पाहिजे आणि दर पावसाळ्यानंतर तो तपासला पाहिजे. तांबे वरून हिरवट पडते, पण सहसा पोखरले जात नाही. मात्र त्याचे जोड चांदीमिश्रित काडीने ब्रेझिंग करून, म्हणजे जास्त उष्णतेवर काडी वितळवून पक्के डाग देऊन, घ्यावेत. साध्या कथलाच्या डागाने जोडलेला पाइप आग लागल्यास सर्वांत आधी जोडातच सुटतो. पाइप धरणारे क्लॅम्प लोखंडी नकोत, कारण खारट ओलीत दोन धातू एकमेकांना लागून राहिले की लोखंड झपाट्याने झिजते आणि पाइप लोंबकळू लागतो.

लाईन भिंतीच्या बाहेरून, डोळ्यांना दिसेल अशी न्यावी. जांभा पावसाळ्यात स्पंजाप्रमाणे पाणी धरून ठेवतो, त्यामुळे चिऱ्यात गाडलेला पाइप चार महिने ओला राहतो आणि गळती झाली तर ती शोधण्यासाठी भिंत फोडावी लागते. भिंतीतून आत शिरताना पाइपभोवती पीव्हीसीची बाही घालावी आणि तिला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्यावा. छपराखालून नेताना पाइप पागोळ्यांच्या आत, भिंतीलगत ठेवावा. अंगणाखालून, मातीत गाडून नेण्याचा मोह टाळावा. काही वर्षांनी तिथे नारळाचे आळे कोणी खणेल हे सांगता येत नाही.

जोड आटेदार असतील तर नळाच्या कामातली सुतळी-सफेदा पद्धत (आट्यांवर सुतळी गुंडाळून सफेद्याचा लेप देणे) वापरू देऊ नये. पाण्याच्या लाईनमध्ये सुतळी ओली राहून फुगते. गॅस कोरडा असल्यामुळे ती आक्रसते आणि जोड काही महिन्यांनी झिरपू लागतो. गॅससाठी मिळणारा टेप किंवा सीलंटच वापरावा. गावातला प्लंबर या कामासाठी का पुरत नाही, त्याचे खरे कारण हेच आहे: त्याचा हात पाण्याला सरावलेला असतो, आणि पाण्याची गळती दिसते. तुमच्या गॅस वितरकाला आधी कळवून त्याच्याकडील अधिकृत मेकॅनिककडून काम करवून घ्यावे.

काम झाल्यावर शेगडी, गिझर आणि रेग्युलेटर सोडवून केवळ पाइपमध्ये हवा भरून दाबाची चाचणी घ्यावी. उपकरणे जोडलेली ठेवली तर जास्त दाबाने त्यांचे व्हॉल्व्ह बिघडतात, कारण घरगुती रेग्युलेटरचा दाब चाचणीच्या दाबाच्या मानाने अगदीच थोडा असतो. ही चाचणी मी संध्याकाळी घेतो. भर उन्हात पाइप तापून आतली हवा प्रसरण पावते आणि बारीक गळती दाबमापकाच्या काट्यावर झाकली जाते. काटा स्थिर राहिल्यावरही प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावून पाहावा. काडी ओढून तपासणारा फिटर भेटला तर त्याला तिथेच थांबवावे.

गिझर न्हाणीघरात बसवू नये, हे मी आग्रहाने सांगतो. पावसाळ्यात खिडकी बंद असते, आणि बंद खोलीत प्राणवायू कमी पडला की गिझरच्या ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नसतो आणि वासही नसतो. एलपीजीला जो उग्र वास येतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा असतो, त्याचा येथे काही उपयोग होत नाही. गिझर बाहेरच्या भिंतीवर आडोशाला बसवून फक्त गरम पाण्याचा नळ आत घ्यावा. गिझर शेगडीच्या एका बर्नरपेक्षा कितीतरी जास्त गॅस घेतो, त्यामुळे एकाच रेग्युलेटरवर दोन्ही चालवले तर अंघोळीच्या वेळी चुलीची ज्योत मंदावते. दोन सिलिंडर आहेतच, तर गिझरची लाईन दुसऱ्या सिलिंडरवरून स्वतंत्र नेणे उत्तम.

शेगडीजवळ हाताला येईल असा कॉक बसवावा आणि तिथून पुढे रबरी नळी दीड मीटरपेक्षा जास्त नसावी. आयएसआय खुणेची, आत तार असलेली सुरक्षा नळीच घ्यावी आणि तिच्यावर छापलेली मुदत पाहून पाच वर्षांनी बदलावी. उंदीर-घुशींचा वावर असेल तर त्याआधीही.

घर वर्षातले बरेच महिने बंद राहत असेल तर जाताना रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपी लावावी. गणपतीला परत आल्यावर शेगडी पेटवण्यापूर्वी बर्नरची नळी तपासावी, कारण कुंभारमाशी तिथे मातीचे घर करते आणि मग ज्योत पिवळी, काजळी धरणारी येते.

पाइपने येणाऱ्या नैसर्गिक वायूची वाट पाहावी का, असेही तुम्ही शेवटी विचारले आहे. रत्नागिरी जिल्ह्यात हे काम युनिसन एन्व्हायरोकडे होते आणि २०२४ मध्ये ती कंपनी महानगर गॅसने घेतली. पण आडगावच्या एकट्या घरापर्यंत वाहिनी येईल या भरवशावर आजचे काम अडवू नये. ती आलीच तर कंपनी स्वतःची लाईन आणि मीटर बसवते, आणि नैसर्गिक वायूसाठी शेगडीचे जेट (ज्या बारीक भोकातून गॅस बर्नरमध्ये येतो ते तुकडे) बदलावे लागतात. आज टाकलेली एलपीजीची लाईन तेव्हा काढून ठेवावी लागेल.