वायर दिसू नये, कॅमेरा दिसला तरी चालेल

प्रश्न : सदाशिव पेठेत आमचा शंभरेक वर्षांचा वाडा आहे, भिंती पांढऱ्या मातीच्या, चौकाभोवती सागवानी नक्षीचे खांब. सासूबाई एकट्याच असतात, मागच्या बाजूला दोन भाडेकरू. गेल्या महिन्यात देवडीतून पितळी घंगाळ गेलं म्हणून कॅमेरावाल्याला बोलावलं, तर तो म्हणे खांबांवरून पांढरी पट्टी मारतो आणि भिंतीला सहा भोकं पाडतो. सासूबाईंनी त्याला चहासुद्धा विचारला नाही! ह्यांनी मग वायफायचा कॅमेरा आणला तर तो देवडीत कनेक्टच होत नाही. वायर न दिसता काही होईल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, होईल, आणि चहाच्या बाबतीत सासूबाईंचं बरोबर आहे. पांढऱ्या मातीच्या भिंतीत ड्रिल घातलं की भोक ठरल्या मापाचं राहत नाही, आतली माती भुसभुशीत होऊन गळत राहते आणि प्लास्टिकचा प्लग चार महिन्यांत कॅमेऱ्यासकट बाहेर येतो.

वायफायचं म्हणाल तर दीड-दोन फुटी भिंत सिग्नल गिळते. 2.4 गिगाहर्ट्झवाला वायफाय त्यातल्या त्यात पोचतो, 5 वाला नाहीच. शिवाय वायरलेस म्हटलं तरी वीज लागतेच ना, मग अडॅप्टरची वायर लोंबणारच! बॅटरीवाले मिळतात पण ते बहुतेक हालचाल झाली की जागे होतात, तोवर माणूस अर्धा पुढे गेलेला असतो, आणि ते चार्जिंगला उतरवायला शिडीवर कोण चढणार, सासूबाई?

त्यापेक्षा एकच वायर घ्या. पीओई म्हणतात त्याला, म्हणजे नेटवर्कच्या कॅट-6 केबलमधूनच वीजही जाते. साधा पीओई स्विच एका पोर्टला 15.4 वॅट देतो, घरगुती कॅमेऱ्याला साधारण 5 ते 10 पुरतात आणि केबल 100 मीटरपर्यंत चालते, तुमचा वाडा त्यात दोनदा मावेल. आता ही केबल लपवायची कुठे, तर वाड्यासारखी सोय फ्लॅटमध्ये नाही. तुळईच्या वरच्या अंगावर ठेवली की खालून दिसतच नाही, मग खणातून पुढच्या तुळईवर, जिन्याच्या पोटातून खाली, आणि शेवटचे दोन फूट खांबाच्या भिंतीकडच्या बाजूने. केबल आणतानाच काळी किंवा तपकिरी आणा, पांढरी आणून नंतर रंगवत बसू नका. खांबाला खिळा नको, पातळ टायने बांधा. भिंत ओलांडायची असेल तर आधी चौकटीचा कोपरा, खिडकीची जाळी, जुन्या नळाचं भोक शोधा, एखादं सापडतंच. लाकडी पट्टीवर जुनी लाइटची वायरिंग असेल तर तिच्यात ही केबल कोंबू नका, 230 व्होल्ट शेजारी नको. आणि माळ्यावर उंदीर असणारच, तेवढ्या भागात लोखंडी फ्लेक्सिबल पाइप घाला.

जागेचं सांगतो, कारण इथे सगळे चुकतात. दिंडीच्या दरवाजावर कॅमेरा लावला की फक्त टाळू दिसते, दिंडीतून येणारा वाकूनच येतो! तो आत येऊन सरळ उभा राहतो तिथे समोरून, सात-आठ फुटांवरून त्याचं तोंड दिसलं पाहिजे. मागून रस्त्याचा उजेड येतो, चेहरा काळा पडेल, म्हणून डब्ल्यूडीआर असलेला, म्हणजे उजेड आणि अंधार दोन्ही एकाच चित्रात सांभाळणारा घ्या.

आणि एक, लपवायची ती वायर, कॅमेरा नाही. भाडेकरूंना आधी सांगा, देवडीत पाटी लावा, त्यांची दारं-खिडक्या फ्रेममध्ये घेऊ नका. सामाईक घरात दुसऱ्या हक्कदाराच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे लावणं हा खासगीपणाचा भंग आहे असं कलकत्ता हायकोर्टाने 2025 मध्ये सांगितलं आणि सुप्रीम कोर्टानेही त्यात हात घातला नाही. तुमच्या वाड्यात दीर-जावांचा हिस्सा असेल तर त्यांनाही आधीच फोन करा, नंतर भांडण नको.

प्रश्न : दादा, आमची गिरगावात चाळ आहे, गॅलरी लांबच लांब, आणि केबल टीव्हीच्या मेलेल्या वायरींचं जाळं आधीच लटकतंय. त्यात अजून वायर नको असं सगळ्यांचं म्हणणं. कोणी म्हणतं होल्डरमध्ये बसणारा बल्ब कॅमेरा लावा.
– चाळ कमिटीतला एक जण, मुंबई

उत्तर : बल्ब कॅमेरा म्हणजे गॅलरीतला दिवा कोणी सवयीने बंद केला की कॅमेराही बंद, आणि चाळीत दिवा बंद करणारे आजोबा असतातच. राहू द्या.

त्या मेलेल्या वायरींकडेच बघा. केबल टीव्हीची वायर 75 ओहमची कोअॅक्स, म्हणजे मधे तांब्याची तार असलेली जाड गोल वायर असते, एचडी अॅनालॉग कॅमेऱ्यालाही (नेटवर्क केबलशिवाय चालणाऱ्या) तीच लागते. एखादी वायर सलग निघाली, मधे स्प्लिटर (एका वायरीच्या दोन करणारी डबी) नसला, तर तीच वापरा, फक्त वीज तिथल्या तिथे मीटरच्या बाजूने घ्या. बाकीचं जाळं त्याच दिवशी उतरवून टाका, म्हणजे कॅमेरे बसल्यावर गॅलरी उलट मोकळी दिसेल, लोक खूश.

गॅलरी अरुंद असल्याने आडव्या फ्रेममध्ये अर्धी भिंतच येते. आयपी, म्हणजे नेटवर्कवर चालणारा कॅमेरा घेणार असाल तर बऱ्याच मॉडेलमध्ये कॉरिडॉर मोड असतो, कॅमेरा 90 अंश फिरवून लावायचा, चित्र उभं मिळतं. शेजाऱ्यांची दारं प्रायव्हसी मास्कने काळी करा आणि ते काळं केलेलं त्यांना मोबाइलवर दाखवा, नाहीतर मीटिंगमध्ये तेच तेच ऐकावं लागेल.

रेकॉर्डिंग साठवायच्या हार्ड डिस्कचा हिशोब: एक कॅमेरा 2 एमबीपीएसने (सेकंदाला 2 मेगाबिट) दिवसाला साधारण 21 जीबी खातो, चार कॅमेरे असतील तर 1 टीबीमध्ये अकराएक दिवस. गणपतीत सगळे गावाला जातात, तेवढ्यासाठी तरी 2 टीबी घ्या.

कॅमेरा छताला अगदी चिकटवू नका, रात्रीचा इन्फ्रारेड चुन्यावर आपटून सगळं पांढरंधोप दिसतं. कोळीही तिथेच जाळं करतो, पंधरा दिवसांनी झाडूवाल्याला एक फडकं फिरवायला सांगा.