दर महिन्याला जंताचं औषध पाजूनही कोकरं का खंगतात?

भाऊ, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: नागपूरजवळ उमरेड रोडला ३ एकर वावर, उन्हाळ्याआधी बाजारातून आणलेल्या २५ मेंढ्या, दर महिन्याला सगळ्यांना एकाच बाटलीतलं जंतनाशक, आणि तरी जुलैत झालेली कोकरं सप्टेंबरपर्यंत जबड्याखाली सूज येऊन एकेक करून गेली. आता तुम्हाला याहून ‘कडक’ औषध हवंय. शिवाय मेंढा कधी सोडू आणि सोबत चार शेळ्या आणू का, हेही विचारलंय.

आमच्या घरी मेंढरं आजोबांपासून आहेत, हिंगण्याच्या झुडपी जंगलात चारतो. मला विचाराल तर बाटली कोणती हा प्रश्न नंतरचा. ती कुणाला पाजायची, हा पहिला.

तुम्ही सांगितलेल्या खुणांवरून हा हिमॉन्कस जंत वाटतो. तो चौथ्या पोटात, म्हणजे मेंढीच्या पोटाच्या शेवटच्या कप्प्यात, राहतो आणि रक्त पितो. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली रक्त घेतो. ऐकायला क्षुल्लक आहे, पण पोटात हजार जंत असले की रोजचं ५० मिली गेलं, आणि १० किलोच्या कोकराच्या अंगात सगळं मिळून रक्त असतं पाऊण लिटरच्या आसपास. म्हणून ते लंगडत नाही, खोकत नाही, बहुतेक वेळा हगवतही नाही. नुसतं मागे राहतं, बसतं, जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबते आणि एका सकाळी उठत नाही. पुन्हा असं काही झालं तर मेलेलं कोकरू पुरून टाकू नका, ताबडतोब शवविच्छेदनाला न्या. तुमच्यापासून सेमिनरी हिल्सचं पशुवैद्यकीय महाविद्यालय लांब नाही. चौथं पोट उघडलं की लाल-पांढरे पिळाचे, दोन-तीन सेंटिमीटरचे जंत नुसत्या डोळ्यांनी दिसतात. फक्त नाका-गुदातून काळं रक्त आलेलं जनावर कधीही कापू नका, उचलूही नका, डॉक्टरांना जागेवर बोलवा. ती फाशी असू शकते आणि ती माणसालाही होते.

आता दर महिन्याचं औषध का चाललं नाही ते सांगतो. या जंताची मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. आपल्याकडे जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत ओल आणि ऊब दोन्ही असतात, त्यामुळे अंड्यातून निघालेली अळी आठवड्याभरात गवतावर चढून तयार असते. मेंढीने ती खाल्ली की तीनेक आठवड्यांत पुन्हा अंडी सुरू. म्हणजे रविवारी पाजलेली मेंढी सोमवारी त्याच कुरणात जाऊन पुन्हा भरते. औषधाने पोट साफ होतं, वावर साफ होत नाही.

दुसरी गोष्ट जंतांना औषध न बाधण्याची. सगळ्या कळपाला सारखं एकच औषध पाजलं की ज्या जंतांवर ते चालत नाही तेवढेच उरतात आणि त्यांचीच पिलावळ वाढते. अल्बेंडाझोल आणि फेनबेंडाझोल ही एकाच घराण्यातली औषधं आहेत. दुकानदार कंपनी बदलून देतो, घराणं तेच राहतं, आणि आपल्याला वाटतं औषध बदललं. या घराण्याला न जुमानणारे जंत देशात बऱ्याच ठिकाणी सापडलेत. म्हणून धट्ट्याकट्ट्या मेंढ्यांना मुद्दाम औषध द्यायचं नाही. त्यांच्या पोटातले, औषध न चाखलेले जंत कुरणात राहिले तर मुजोर जंतांचं राज्य होत नाही.

मग द्यायचं कुणाला? पापणी बघून, जंतांनी रक्त प्यालं की ती आतून फिकी पडते. दक्षिण आफ्रिकेत यासाठी फामाचा नावाचं पाच रंगांचं कार्ड निघालं, ते मिळालं तर उत्तम. मेंढी दोन पायांत धरा, उजेडाकडे तोंड करा. एका अंगठ्याने वरची पापणी मिटवून डोळा हलका आत दाबा, दुसऱ्याने खालची पापणी ओढा. आतली ओली कड क्षणभर वर येते, तीच बघायची, डोळ्याचं पांढरं नव्हे. लालबुंद किंवा लालसर गुलाबी असेल तर सोडून द्या. पांढरट किंवा पांढरी फटक असेल तर औषध. मधलीच असेल तर कोकराला, गाभणीला आणि दूध पाजणाऱ्या मेंढीला द्या, बाकीच्यांना थांबा. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी हे करा. २५ मेंढ्यांना अर्धा तास पुरतो, कारण एका जनावराला काही सेकंदच लागतात. जास्त वेळ ताणून धरली तर पापणी उगाच लाल होते आणि फसगत होते. धुळीने किंवा डोळे आल्यानेही ती लाल दिसते, तेव्हा अंगावर हात फिरवा, जबड्याखाली बघा. ज्या मेंढीला मोसमात सारखं सारखं पाजावं लागतं ती आणि तिच्या पोटच्या माद्या कळपात ठेवू नका.

पाजताना अंदाजाने पाजू नका. बहुतेक घरी मेंढीचं वजन कमी धरलं जातं आणि अर्धवट डोस जंतांना शिकवून सोडतो. स्प्रिंगचा काटा घ्या. अल्बेंडाझोल किलोला ७.५ मिलिग्रॅम धरलं तर ३० किलोच्या मेंढीला २२५ मिलिग्रॅम लागतं, आणि बाटली २.५ टक्क्यांची असेल तर ते ९ मिली होतं. बाटलीवरची टक्केवारी वाचल्याशिवाय हात लावू नका. नळी जिभेच्या मागच्या भागावर न्या आणि मान फार उंच करू नका, नाहीतर औषध फुप्फुसात जातं. गाभण राहिल्यापासूनच्या पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल नको. आत्ता ज्यांच्या जबड्याखाली सूज आहे त्यांना पळवत आणू नका, रक्त कमी असलेलं जनावर धापेनेच जातं. जागेवर जाऊन पाजा. लेव्हामिसॉल की क्लोसँटेल (ही वेगळ्या घराण्यांची जंतनाशकं) हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या. दोन्हीला डोस चुकला की माफी नाही, क्लोसँटेल जास्त झालं तर मेंढी आंधळी होते.

औषध चालतंय की नाही हे लेंड्या तपासून कळतं. लेंड्या जमिनीवरच्या नकोत, हातमोजा घालून गुदातून ताज्या घ्या, पिशवीवर मेंढीचा नंबर टाका आणि दवाखान्यात द्या. पाजण्याआधी एकदा आणि दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा अंडी मोजायला सांगा. ९५ टक्क्यांहून कमी घटली तर ते घराणं तुमच्या वावरात संपलं म्हणून समजा.

चराईचं म्हणाल तर अळ्या गवताच्या खालच्या दोनेक इंचांत असतात आणि दव असताना वर चढतात. पावसाळ्यात दव वाळल्याशिवाय सोडू नका आणि गवत जमिनीला लागेपर्यंत एकाच तुकड्यात कोंडू नका. तुमच्या ३ एकरांत हे अवघड आहे, मला मान्य आहे. म्हणून त्या चार महिन्यांत सुबाभूळ, शेवरी, बोरीचे फाटे तोडून उंच टांगा, तेवढं खाणं जमिनीवरून उचलावं लागत नाही. मे महिन्यात ४५ अंशांवर उघड्या रानात अळ्या फारशा टिकत नाहीत, तेव्हा जंत मेंढीच्या पोटात दबा धरून बसतात. पहिल्या पावसात कुरण खराब होतं ते तिथूनच.

आणि कोकरांना जंत मिळतात ते बहुतांशी आईकडून, म्हणजे आईने कुरणात सांडलेल्या अंड्यांतून. व्यायच्या दोन आठवडे आधीपासून ते व्याल्यावर सहा-आठ आठवड्यांपर्यंत मेंढीची ताकद दुधाकडे जाते, जंत सैल सुटतात आणि लेंड्यांतली अंडी एकदम वाढतात. नेमकी तेव्हाच कोकरं पहिलं गवत तोंडात घेतात. म्हणून एरवी काटकसर करा, पण व्यायला आलेल्या मेंढीची पापणी चुकवू नका. शेवटच्या दीड महिन्यात तिला खुराकही वाढवा. अशक्त आईला चीक (व्याल्यावरचं पहिलं घट्ट दूध) कमी येतो आणि तिथूनच घसरण सुरू होते.

चीक पहिल्या तासात पोटात गेलाच पाहिजे. सडाच्या तोंडाशी चिकट बूच असतं, दोन धारा हाताने काढून टाका आणि मग कोकराचं तोंड लावा. पहिल्या २४ तासांत वजनाचा दहावा हिस्सा, म्हणजे अडीच किलोच्या कोकराला पाव लिटर तरी चीक लागतो. नाळेला टिंक्चर आयोडीन. दोन आठवड्यांपासून कोकरांसाठी वेगळा कोपरा करा, फळीत एवढीच फट ठेवा की आई आत जाणार नाही. तिथे मक्याचा भरडा, सोयाबीन किंवा शेंगदाणा ढेप, थोडा गव्हाचा कोंडा आणि तुरीचं कुटार. सरकी ढेप इतक्या लहानांना नको, त्यातलं गॉसिपॉल त्यांना सोसत नाही. दर पंधरवड्याला वजन करा. वाढ थांबली की समजा, पापणी पांढरी व्हायच्या आधीच काट्याने सांगितलं.

तीन-चार आठवड्यांच्या कोकराला रक्तमिश्रित हगवण लागली तर बहुतेक वेळा ते कॉक्सिडिया (आतड्यातले डोळ्यांना न दिसणारे परजीवी) असतं आणि त्यावर कोणतंही जंतनाशक चालत नाही. त्याला सल्फा किंवा अँप्रोलियम लागतं, आणि त्याहून जास्त लागते कोरडी जमीन. पाण्याचं भांडं लेंड्या पडणार नाहीत एवढं उंच करा. लेंड्यांत तांदळासारखे पांढरे तुकडे दिसले की लोक फार घाबरतात. तो पट्टकृमी, दिसायला भयंकर पण हिमॉन्कसपुढे किरकोळ. मौदा, रामटेक, कुहीकडे धानाच्या बांध्यांत किंवा आटत्या बोळीच्या (लहान तळ्याच्या) काठी चारत असाल तर गोगलगायींतून येणारा यकृतातला चपटा जंत मात्र मनावर घ्या. पापणी त्यानेही पांढरी पडते, पण औषध वेगळं लागतं.

काटोल-नरखेडकडचे एखादे पाहुणे म्हणतील, संत्र्याच्या बागेत सोडा, तण फुकट जाईल. बोर्डो (बुरशीवरचं फवारणीचं औषध) मारलेल्या बागेत सोडू नका. त्यात मोरचूद असतं आणि मेंढीला तांब्याचं विष गाई-शेळीपेक्षा लवकर चढतं. गाई-म्हशींचं खनिज मिश्रणही त्याच कारणाने मेंढीला नको. जुनी माणसं जंतावर मोरचूदच पाजायची, तो नुस्खाही राहू द्या.

मेंढा जूनअखेर-जुलैत सोडा, तोवर वेगळा बांधा. १५० दिवस धरले की कोकरं नोव्हेंबर-डिसेंबरात येतात. तेव्हा सोयाबीन निघालेलं असतं, कुटार घरात असतं, कुरण वाळत आलेलं असतं. थंडीत रात्री खाली तनस अंथरा आणि वाऱ्याकडची बाजू पोत्यांनी झाका, एवढाच जास्तीचा व्याप. आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होऊन जनावर एकाएकी मरतं, त्या रोगाची) लस मेंढ्यांना व्यायच्या चार-सहा आठवडे आधी टोचून घ्या. पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या विषाणूरोगाची) कोकरांना तीन महिन्यांनंतर.

शेळ्या नका आणू, हिमॉन्कस दोघींचा एकच. आणायचंच असेल तर एखादी कालवड आणा आणि मेंढ्या चरून गेलेल्या तुकड्यात तिला बांधा. मेंढीचे बहुतेक जंत कालवडीच्या पोटात टिकत नाहीत. आणि यापुढे बाजारातून आणलेली कोणतीही मेंढी थेट कळपात सोडू नका. दोन-तीन आठवडे वेगळी बांधा, दोन वेगळ्या घराण्यांची औषधं डॉक्टरांना विचारून पाजा, लेंड्या तपासा आणि मग आत घ्या.