एकविसावं प्रकरण कुठे आहे?

*ताई, मी आणि माझी मैत्रीण कॉलेजपासूनच्या. गेलं दीड वर्ष दोघी मिळून एक कादंबरी लिहितोय. प्रेमकथा, पण विनोदी अंगाची. नायकाची प्रकरणं तिची, नायिकेची माझी, दोघी एकाच ऑनलाइन फाइलमध्ये लिहितो. ती माझी वाक्यं बदलते. मी रात्री बसून ती पुन्हा पहिल्यासारखी करते, दोन दिवसांनी बघावं तर परत बदललेली. मी कधी बोलले नाही, मैत्री महत्त्वाची. आता एकविसावं प्रकरण (दोघांचं भांडण) सोडलं तर चोवीसच्या चोवीस प्रकरणं लिहून झाली आहेत. आणि ती म्हणते, मुखपृष्ठावर माझं नाव आधी हवं, कारण कल्पना माझी होती. मी किती समजूतदारपणा दाखवायचा?*
*– अर्धी लेखिका*

नावाचं आधी उरकून टाकते, त्यात फारसा दम नाही. अकारविल्हे लावा, नाहीतर नाणं उडवा. वर कोणाचं नाव आहे हे बघून आजवर कोणी वाचक हसलेला नाही.

मला बोलायचंय ते तुझ्या कंसाबद्दल. चोवीस प्रकरणांतलं एकच राहिलंय आणि ते नेमकं भांडणाचं! ते तू असं सांगतेस, जणू विजेचं बिल भरायचं राहून गेलंय.

अगं, या प्रकारच्या कादंबरीचा सगळा डोलारा त्या प्रकरणावर उभा असतो. पहिली भेट फसते, मग नाइलाजाने दोघं एकत्र येतात, नको नको म्हणता जीव जडतो आणि पाऊण कादंबरी झाली की ताटातूट होते. ती ज्यामुळे होते, ते पहिल्या भेटीपासून तिथेच असतं. एकाने लपवलेलं असतं किंवा दोघांनी टाळलेलं असतं. ते फुटलं नाही, तर शेवटचं मीलन वाचकाला फुकटचं वाटतं, मग विनोद कितीही फर्मास असोत. आणि तुम्ही तर पुढची तीन प्रकरणं लिहूनही बसला आहात. त्यांत तुमचा नायक माफी मागत असेल ना? कशाची मागतोय?

तुम्हा दोघींनाही ते ठाऊक नाही. मला वाटतं म्हणूनच प्रकरण कोरं आहे.

तू गप्प राहिलीस ती मैत्रीसाठी, असं तू लिहितेस. मला नाही पटत. रात्री गुपचूप वाक्य परत बसवणं हे तोंड उघडण्यापेक्षा सोपं होतं, म्हणून गप्प राहिलीस. आणि गुपचूप तरी कसलं? अशा फाइलमध्ये कोणी, कधी, काय बदललं याचा सगळा इतिहास राहतो. तिने एकदा उघडून पाहिला की तुझं नाव आणि रात्रीची वेळ समोर. म्हणजे तुम्ही दोघी कित्येक महिने पाळीपाळीने भांडताय आणि दिवसा एकमेकींना हसरे इमोजी पाठवताय. समजूतदारपणा म्हणे! ‘कल्पना माझी होती’ हेसुद्धा मला मुखपृष्ठासाठी केलेलं भांडण वाटत नाही. तिने केलेला बदल सकाळपर्यंत टिकत नाही. मग निदान जे पुसता येत नाही, त्यावर तरी ती हक्क सांगणारच.

इल्फ आणि पेत्रोव्ह या रशियन विनोदी लेखकांच्या जोडीची पहिली कादंबरी १९२८ साली आली. इल्फ गेल्यानंतर पेत्रोव्हने त्यांच्या लिहिण्याच्या पद्धतीबद्दल लिहून ठेवलंय. एकच शब्द दोघांना एकाच वेळी सुचला, की ते तो टाकून देत. दोघांना सुचला म्हणजे तिसऱ्याला आणि चौथ्यालाही सुचणार, इतका तो जवळचा. हा नियम पाळायचा तर आधी एका टेबलाशी बसावं लागतं आणि सुचलेलं मोठ्याने बोलावं लागतं. वाक्य बदलण्याआधीच त्यावर वाद होतो. शिवाय विनोद जमला की फसला हे समोरची हसली की नाही यावरून तिथल्या तिथे कळतं. फाइलमध्ये कोणी हसलेलं ऐकू येत नाही.

तेव्हा या आठवड्यात तिला भेट आणि एकविसावं प्रकरण समोरासमोर बसून लिहा. नायकाचे संवाद तिचे, नायिकेचे तुझे. प्रकरण संपेपर्यंत कोणी काही खोडायचं नाही. पहिलं वाक्य तू लिही, नायिकेच्या तोंडी: ‘माझं बोलणं तू मला न विचारता का बदलतोस?’ पुढचं तिला लिहू दे. ती काय लिहील ते मला माहीत नाही, तुलाही नाही. नायकाने उलट विचारलं, ‘आणि तू रात्री काय करतेस?’, तर विषय बदलू नकोस. उत्तर नायिकेच्या तोंडून दे, पण खरं दे. ते वाईट लिहिलं गेलं तरी चालेल, दुरुस्त्या नंतर होतातच. त्या मात्र दोघींनी मिळून, दिवसाउजेडी करा.

हे झालं की करार कागदावर घ्या: नावांचा क्रम, मानधनाची वाटणी, एकीने मध्येच सोडलं तर मजकुराचं काय करायचं. कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. बर्न करार या कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार संयुक्त कृतीच्या हक्कांची मुदत शेवटच्या हयात लेखकाच्या मृत्यूपासून मोजतात आणि ती त्यानंतर किमान ५० वर्षं चालते. इतकी वर्षं त्या कागदावर एकमेकींशेजारी राहायचंय तुम्हाला.

आणि हो, हे उत्तर तिला फॉरवर्ड करू नकोस. एवढं तरी तोंडाने सांग.