ताप १०२ आहे आणि मूल झोपलंय. औषधासाठी उठवायचं का?

तुमची मुलगी २ वर्षांची आहे, ताप १०२, औषध दिलं की उतरतो आणि चार-पाच तासांनी परत चढतो. आता ती झोपलीय आणि पुढच्या डोससाठी तिला उठवावं का, असं तुम्ही विचारलंय. शांत झोपली असेल, श्वास नीट चालू असेल तर नका उठवू. औषध आकडा खाली आणायला नसतं, मुलाला जरा बरं वाटावं म्हणून असतं. आणि परत ताप चढला म्हणजे औषध लागू पडत नाही असंही नाही. त्याचा असर तेवढेच तास टिकतो, आजार आपला वेळ घेतो. संध्याकाळनंतर ताप तसाही वाढतोच.

मी डॉक्टर नाही, दोन मुलांची आई आहे. थोरला दीड वर्षाचा असताना रात्री दोनला मी त्याला डोस दिला आणि आडवी झाले. तीनला नवऱ्याला जाग आली, अंग गरम लागलं, त्यानेही दिला. सकाळी बोलता बोलता हे कळलं आणि माझ्या पोटात गोळा आला. लगेच डॉक्टरांना फोन केला. त्यांनी वजन आणि दोन्ही डोस विचारले, निभावलं. तेव्हापासून आमच्याकडे ताप आला की उशाशी कागद-पेन असतं. किती वाजता, कोणतं औषध, किती मिली, ताप किती, शू कधी झाली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांसमोर झोपेत असल्यासारखं बसलेलं असताना हा कागदच कामाला येतो.

डोस वयावर नाही, वजनावर ठरतो. पॅरासिटामॉल एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत निदान ४ तास, ६ असले तर उत्तम, आणि २४ तासांत ४ पेक्षा जास्त डोस नाहीत. मुलगी १२ किलोची असेल तर १२० ते १८० मिलिग्रॅम. आता बाटली हातात घेऊन बारीक अक्षर वाचा, कारण खरी चूक इथेच होते. एका सिरपमध्ये ५ मिलीत १२० मिलिग्रॅम असतं, दुसऱ्यात ५ मिलीत २५०, आणि तान्ह्या बाळांच्या ड्रॉप्समध्ये बहुतेक वेळा १ मिलीतच १००. म्हणजे बाळांचं म्हणून सौम्य समजून कुणी ते ड्रॉप्स ५ मिली पाजले तर ५०० मिलिग्रॅम पोटात जाईल. घरातला चमचा नको, बाटलीसोबतचं माप वापरा. सर्दीच्या काही सिरपमध्येही पॅरासिटामॉल असतं, ते मोजायचं राहून जातं. आयबुप्रोफेन डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको, ॲस्पिरिन तर मुलांना स्वतःहून कधीच नाही.

हातपाय गार आणि पोट-कपाळ तापलेलं, असं दिसलं की ताप चढतोय समजा. हुडहुडी भरली असेल तेवढ्यापुरतं पातळ पांघरूण घाला, थांबली की काढा. गार पाणी, बर्फ, स्पिरिट काही लावू नका. गारव्याने अंग थरथरतं आणि थरथरलं की आणखी तापतं. स्पिरिट तर कातडीतून आत शिरतं. जेवण नाही गेलं तरी चालेल, पाणी मात्र घोट घोट जायला हवं.

मी स्वतः थर्मामीटरपेक्षा श्वासाकडे जास्त बघते. मूल झोपलेलं असताना पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजायची. तापात श्वास थोडा वाढतो, पण १ ते ५ वर्षांच्या मुलाचा शांत असताना ४० किंवा त्याहून जास्त भरत असेल तर डॉक्टरांना दाखवायचं. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल तर रात्रीच निघायचं. ताप उतरल्यावरही मूल मलूलच राहिलं, नजर देत नाही, ८ तासांत शू नाही, मान वाकवता येत नाही, किंवा अंगावरचे लाल-जांभळे ठिपके काचेचा पेला दाबूनही पुसट होत नाहीत, तरीही सकाळची वाट बघू नका. ३ महिन्यांच्या आतल्या बाळाला तर १००.४ ताप एवढंच कारण पुरेसं आहे.

आकडीची भीती सगळ्यांनाच असते. ६ महिने ते ५ वर्षांच्या काही मुलांना तापात येते, बहुतेकदा दोन-तीन मिनिटांत थांबते. कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, घड्याळ बघा. ५ मिनिटं उलटली तर रुग्णवाहिका बोलवा. थांबली तरी पहिल्यांदाच आलेली असेल तर लगेच दवाखान्यात न्या.

हे काही नसेल तर तुम्हीही झोपा. आम्ही रात्र वाटून घेतो, दोनपर्यंत एक, पुढे दुसरा. पाळी बदलताना कागदही दुसऱ्याच्या उशाशी जातो आणि औषधाला हात त्यानेच लावायचा.